देवाच्या वाफ्यात कांदा

मंडळी, ऐका! एक सवाल टाकतो — शुद्ध म्हणजे काय हो? दुसऱ्याला बाहेर काढलं की आपण शुद्ध होतो? — टाळकरी, दचकू नका, तुमच्याकडे नाही बघत मी!

गोष्ट आपल्याच गावची. हौसाबाई धुमाळ! नाव घेताना ऊर भरून येतो! त्यांच्या परसात फवारणीच्या औषधाची बाटली कधी शिरली नाही. शेणखत, पालापाचोळा आणि बाईंचे दोन हात! सप्ताहाच्या शेवटच्या पंगतीला बिटाची कोशिंबीर त्यांच्या घरची — एकवीस वर्षं, खंड नाही! हाच त्यांचा मान!

मागल्या साली काय झालं? सूनबाईंनी — वृषालीनं — बिटाच्या ओळींमध्ये कांद्याची रोपं लावली. हौसाबाई भडकल्या!

"अगं, देवाच्या नैवेद्याचं बीट हे! कांदा लावून बाटवलास की वाफा!"

"आत्या, त्याच्या वासानं किडे फिरकत नाहीत. नैवेद्यात कुठं घालायचाय?"

"मला शिकवू नको!"

उपटले! तीन वाफ्यांतले कांदे सपासप उपटले! चौथ्यापाशी सून आडवी उभी राहिली — "एवढा एक राहू द्या."

महिन्याभरात तिन्ही वाफ्यांत अळीनं पानांची जाळी केली! खाली बीट केवढं? सुपारीएवढं! सप्ताह चार दिवसांवर. बाजारातून आणावं? फवारलेलं? आणि ते देवापुढं ठेवायचं? हौसाबाई बांधावर बसून रडल्या हो — "मान गेला माझा!"

आणि चौथा वाफा? कांद्याच्या शेजाराला मुठीएवढी लालभडक बिटं!

बाई तापट, पण खरी! उठल्या, सुनेचा हात धरला — "काढ. पहिलं बीट तुझ्या हातानं."

एका वाफ्याचं बीट, दही जरा सढळ — पुरली कोशिंबीर! आणि वाढायच्या आधी हौसाबाई भर पंगतीत उभ्या राहिल्या — "ही माझी नव्हं, माझ्या सुनेची! कांद्याच्या शेजारी वाढलेली. चालत नसंल त्यानं नको म्हणावं!"

एकानं तरी म्हटलं? मी स्वतः दोनदा मागून घेतली! अशी माणसं आपल्या गावात आहेत, मंडळी — छाती ठोकून सांगा!

पण सांगताना आपल्याकडेही बघा. तुम्ही कुणाला उपटलंय? भावाला? शेजाऱ्याला? तो इथंच बसलाय, खांबाआड. आज पंगतीला आपल्या शेजारी त्याचं पान मांडा. आणि आत्ता, नाव घेऊन हाक मारा त्याला! तोवर गजर नाही, टाळ नाही. मारा हाक — मी थांबलोय!