मागे सोळा जण

(रोह्यातल्या कॉलेजच्या मदत कक्षात तिसऱ्या वर्षाची मैथिली; पेणला काकांच्या गणपती कारखान्यात पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारा हितेश. फोन स्पीकरवर.)

मैथिली: अकरा वाजून दहा मिनिटांनी तुझी ऑनलाइन चाचणी दुसऱ्यांदा बंद पडली. बरोबर?

हितेश: व्हय ताई. स्क्रीन लाल झाली आणि मला बाहेर काढला.

मैथिली: संधी तीनच असतात. बाराच्या आत चाचणी झाली नाही तर प्रवेश पक्का होणार नाही. माहिती आहे ना?

हितेश: म्हणून तर फोन केला. सकाळपासून पोटात काय नाय.

जनूकाका: चार पाव हायत पोटात.

मैथिली: हे कोण?

हितेश: जनूकाका. कारखाना त्यांचा.

जनूकाका: आणि प्रवेश नाय झाला तर फायदा पण माझाच. दीडशे गणपती डोळ्यांसाठी थांबलेत, गो पोरी. याच्यासारखे डोळे पेणमध्ये कोण करत नाय. पण तू तुझं काम कर.

मैथिली: हितेश, लाल स्क्रीनवर काय होतं, ते जसंच्या तसं सांग.

हितेश: ‘आपल्यासोबत इतर सोळा व्यक्ती आढळल्या आहेत.’

मैथिली: खोलीत एवढे जण कशाला बसवलेत?

हितेश: नाय ओ. मी आणि काका. काका तर कॅमेऱ्याच्या पलीकडं बसलेत.

मैथिली: पहिल्या वेळीही सोळाच म्हणाला होता?

हितेश: तेव्हा पंधरा.

मैथिली: म्हणजे मधल्या अर्ध्या तासात एक जण वाढला. कोण आलं?

हितेश: कोणच नाय. चाचणी बंद पडली, काय सुचंना, म्हणून एका गणपतीची आखणी करून घेतली.

मैथिली: आखणी म्हणजे?

हितेश: डोळे रंगवले. घाबरलो की मी डोळे करतो. डोकं ताळ्यावर येतं.

मैथिली: तुझ्या मागे मूर्ती आहेत?

हितेश: चाळीसेक.

मैथिली: त्यात डोळे झालेल्या किती?

हितेश: थांबा. चौदा, पंधरा... ताई, सोळा.

जनूकाका: कॅमेरा जाणकार हाय. डोळे होईस्तोवर आमच्याकडं पण ती मातीच.

मैथिली: कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत नेता येईल?

हितेश: टेबलावरचा मोठा हाय, वायर इथवरच पोचते. घरी, जिते गावात बसलो तर नेटवर्क शोधायला स्टेशनात जावं लागतं.

मैथिली: मग मूर्तींचे चेहरे झाका. वर्तमानपत्र वगैरे काहीही चालेल.

जनूकाका: पेपर नको. ओल्या रंगाला चिकटला तर देवाच्या कपाळावर सोन्याचा भाव छापून येतो. रुमाल टाक. लोक घरी नेताना तोंडावर रुमालच टाकतात.

हितेश: रुमाल चारच हायत. काशीकाकी आल्यात, फेट्याचं कापड काढतायत.

मैथिली: अकरा एकोणतीस.

हितेश: टाकले. बसलो. ताई, आता म्हणतोय, ‘इतर एक व्यक्ती.’

मैथिली: सुरू करू नकोस. ही नुसती तपासणी आहे, संधी जाणार नाही. कोण राहिलं?

हितेश: काका, तुम्ही वाका.

जनूकाका: वाकलोय कधीचा. कंबर धरली.

हितेश: काकी पण बाहेर गेल्या. मग... ताई, उंदीर. मोठ्या गणपतीच्या पायाशी हाय, कापड टाकताना कॅमेऱ्याकडं वळला. त्याचे पण डोळे मीच केलेत.

मैथिली: उंदराला झाक आणि सुरू कर. मी फोन ठेवत नाही, पण बोलणारही नाही. काका, तुम्हीही.

जनूकाका: मी काय बोलतोय.

हितेश: झाली, ताई. अकरा एक्कावन्न. वीसपैकी अठरा.

मैथिली: छान. खाली निकाल काय दाखवतोय?

हितेश: ‘विचाराधीन.’ आणि विद्यापीठाचा ई-मेल आलाय. आधीच्या दोन वेळी सोबत असलेल्या व्यक्तींची नावं आणि खुलासा बाराच्या आत पाठवा, म्हणतात.

जनूकाका: नावं सोपी हायत. सोळा वेळा एकच लिही.

मैथिली: ‘मागे गणपतीच्या मूर्ती होत्या’, एवढं लिही. रुमाल काढून फोटो जोड. पाठवण्याआधी मला दाखव.

हितेश: बघा, आला असंल.

मैथिली: आला. हितेश, तू अख्खं पत्र विषयाच्या रकान्यात लिहिलंयस. खालचं पान कोरं आहे.

हितेश: खाली लई मोठी जागा होती. एवढं मोठं काय सांगायचं नव्हतं.

मैथिली: खाली घे. शेवटी तुझं नाव आणि नोंदणी क्रमांक. ‘आपला लाडका’ काढ.

हितेश: शाळेच्या पत्रात असायचं.

मैथिली: ते मामाला असायचं. पाठव.

हितेश: गेला. अकरा अठ्ठावन.

मैथिली: आता थांबायचं.

हितेश: ताई, उत्तर आलं.

मैथिली: इतक्यात? वाच.

हितेश: ‘खुलासा मिळाला. प्रकरण विचाराधीन आहे.’ आणि खाली वेगळी ओळ: ‘फोटोत डावीकडून तिसरी मूर्ती ठरलेली आहे का?’

जनूकाका: ठरलेली हाय. हैबतराव चार महिने आधी सांगून गेलेत.

हितेश: नाय ठरली म्हटलं तर, काका?

जनूकाका: तर हैबतरावांच्या पाटावर तू बस.

मैथिली: तशीच दुसरी करून देता येईल का?

जनूकाका: करता येईल की. पण तसे डोळे हाच करणार, आणि हा तर कॉलेजला चाललाय.

मैथिली: हितेश, खरं आहे ते लिही. प्रवेशाचा त्याच्याशी संबंध नाही.

हितेश: नसंल ना, ताई?

मैथिली: नसावा.

हितेश: लिहिलं. ‘ठरलेली आहे, क्षमस्व.’ या वेळी खालच्या जागेत.

मैथिली: बारा पंचवीस झाले. पोर्टल पुन्हा उघडून बघ.

हितेश: विचाराधीनच हाय.

जनूकाका: मग नुसता बसू नको. या खिडकीजवळच्याचा उजवा राहिलाय.