जराशी गैरसोय

लीड्सच्या बसथांब्यावर पुढच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकून हिल्डाचे कान टवकारले.

"वैताग आलाय असं लिहू नये, एडना. ‘जराशी गैरसोय होते’ एवढंच लिहायचं. समोरचा समजतो, बाई पेटलीय."

"तसंच लिहिलं गं. ‘वर सारख्या खुर्च्या सरकवता, जराशी गैरसोय होते.’"

"मग?"

"उत्तर आलं. ‘माफ करा. तुमच्या रडण्याने आमचीही जराशी गैरसोय होते.’"

"आगाऊच आहेत! चिठ्ठी दाराखालून सरकवली होतीस ना?"

"कुठलं दार? माझ्या वर नुसतं छप्पर आहे. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली होती. उत्तर उशीखाली सापडलं."

"आणि त्यांनीही ‘जराशी’च लिहिलंय?"

"हो."

"एडना, आज तू माझ्याकडेच राहा."