कल्याणचं पेट्रोल

नाही, नाही, थांब — तू आधी त्या गाडीखालून बाहेर ये, भगवान, आणि माझ्या तोंडाकडे बघून बोल. डबा बदलायचा म्हणजे कुठला डबा? सायलेन्सर मागं आहे, तो मला दिसतोय — हा मधला कुठला? कन्व्हर्टर. धूर साफ करणारा. बरं. गाडी घेतानाच तो विकणारा दहादा बोललेला, बाई, बिनशिशाचंच पेट्रोल घाला, नाहीतर हा डबा जाईल — आणि मी ठाण्याच्या पंपावर स्वतः उभी राहून भरून घेते, मग गेला कसा? पाट्या भरल्या की पुलाचा चढ चढत नाही, नुसती धापा टाकते, काल अर्ध्या वाटेत बर्फ विरघळला, पापलेटं मऊ पडली, बाजारात माझ्या शेजारी बसते ती शालन माझ्याकडे बघून हसली. होडी विकून घेतलीय रे ही पिकअप. ही बसली की आमचं घर बसलं.

काय? मागं नळीच्या तोंडाशी हात लावू? लावते — अगं बाई, चुलीत फुंकर घालते ती तरी जोरात असते ह्यापेक्षा. इंजिन एवढं ओरडतंय आणि मागून वारा नाही. म्हणजे आत कोंडलंय. ठोक बघू डब्यावर — हां, वाजतंय, आतली जाळी फुटून पडलीय, कळलं मला. पण खराब झाली कशानं ते सांग ना! शिशाच्या पेट्रोलानं? वेडा का तू? त्या पंपाची तोटी जाड, आपल्या टाकीच्या तोंडात जातच नाही — नरसाळ्यानं? नरसाळ्यानं कोण घालेल? गाडीला हात लावतो तो फक्त आमचा नाथा — हो, नावानंच घेते मी नवऱ्याला, कोळीण आहे, लाजायचं काय त्यात — आणि नाथा पहाटे धक्क्यावर, तिथनं ठाण्याच्या मार्केटात, दुपारी बाळकुमला घरी. संध्याकाळी मी चावी फिरवून काटा बघते. रोज! धक्क्याची फेरी किती पेट्रोल पिते ते मला पाठ आहे, एक रेघ इकडची तिकडे होत नाही. किलोमीटरचा आकडा? त्याची तार तुटलीय कधीची, नाथा म्हणाला, बसवू नंतर —

पाना का खाली ठेवलास तू?

शिशाचं अजून कुठल्या पंपावर देतात? खरं सांग. खाडीपलीकडे. कल्याणला. — कल्याणला कशाला जाईल तो, तिकडे आमचं कोणी नाही. मालूचं नाव काढू नकोस. नाही काढलंस? बरं, मीच काढलं. पोटची पोर माझी, गेली ती देवरामबरोबर, तुझ्याच समाजातला तो, शाळेत शिकवतो, पोरगा वाईट आहे असं कोण म्हणतंय — पण मला कोळीवाड्यात तोंड दाखवायचं होतं ना! नाथाला मी एकवीरेची शपथ घातली, त्या घराची पायरी चढशील तर माझं मेलं तोंड बघशील. तो हो म्हणाला, मान खाली घालून. मला वाटलं, मिटलं. — असा बघू नकोस, भगवान. तुझ्या घरचा चहा मी पिते की. पिते ना? ते वेगळं — काय वेगळं ते मला आत्ता नको विचारूस.

सीट उचल. उचल म्हणते ना!

हेच ना ते नरसाळं? म्हणजे तिकडे जायचं, आणि जेवढं जळलं तेवढं तिथेच भरून परत यायचं. माझ्या काट्यासाठी. मला कळू नये म्हणून स्वतःच्या हातानं गाडी मारली मेल्यानं! येऊ दे घरी, बघते मी — आणि हे काय गुंडाळलंय त्याला? फडकं? आण इकडे. हे आमच्या घरातलं नाही.

ह्याला बाह्या आहेत, भगवान. बोटभर बाह्या. झबलं आहे रे हे.

पेट्रोल पुसायला दिलंय — म्हणजे लहान होत असेल आता. अंगात बसत नसेल. बसत नसेल म्हणजे केवढं झालं असेल? तुला ठाऊक होतं? नको, सांगू नकोस. मुलगा की मुलगी तेही तू नको सांगूस, तुझ्या तोंडून नाही ऐकायचं मला.

डबा नवाच बसव. टाकी धुऊन काढ. आणि तो तुझा कॅन दे इकडे, ठाण्याचं पेट्रोल भरून आणते मी, तो सीटखाली ठेव, नरसाळ्याच्या जागी. नाथानं विचारलं तर सांग, मंजुळेनं ठेवलाय. बस, दुसरं काही बोलायचं नाही. झबलं? झबलं मी नेते, धुवायला हवं ते, पेट्रोलचा वास — माझ्या तोंडाकडे काय बघतोस मघापासून? पाना घे तो, आणि जा गाडीखाली. जा!