मारुतीच्या अंगावरचे अकरा थर

जबाब, दि. १८/०३/२०२६

मी साखराबाई मल्लिकार्जुन गुरव, वय ५८ वर्षे, धंदा घरकाम, रा. शेलगव्हाण, ता. उमरी, जि. नांदेड. ठाण्यात समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते की, मी पतीसह वरील ठिकाणी राहते. मुलगा सुदर्शन, वय २९, लातूरला गॅरेजवर कामाला आहे.

गावच्या मारुतीला दर शनिवारी शेंदूर-तेल चढवण्याचा मान आमच्या घराकडे आहे. तो पुरुषानंच चढवायचा, बाईनं उंबऱ्याच्या आत जायचं न्हाई. दोन वर्षांपूर्वी पतीला लकवा मारला. तेव्हापासून सुदर्शन शनिवारी पहाटे येऊन करून जातो, असं आम्ही गावाला सांगितलेलं आहे.

दि. १४ रोजी शेषेराव पाटलांनी नवसाची माळ घातली. माळ दरसालच्याच मापाची, पण ती देवाच्या गळ्यातून सरकून पायाशी आली. लगेच ओरड झाली, "हा आपला मारुती न्हाई! गुरवाच्या पोरानं जुनी मूर्ती विकली." देवळाची किल्ली आमच्याच घरी असते.

दि. १७ रोजी नांदेडहून शिल्पा मॅडम आल्या. त्या जुन्या मूर्ती, चित्रं तपासतात. त्यांनी तिळाएवढी कपची काढली, कड घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि पडद्यावर सगळ्यांना दाखवली. शेंदूर, त्यावर दिव्याच्या काजळीची रेघ, परत शेंदूर, चपातीच्या पदरावानी. थर अकराच भरले, खाली नुसता दगड. मॅडम म्हणाल्या, एवढ्यावरून मूर्ती बदलली असं म्हणता येत नाही. पण ऐकतंय कोण? एवढ्या पिढ्यांचा शेंदूर गेला कुठं, असं म्हणून सुदर्शनला इथं आणलं.

साहेब, त्या मॅडमची नजर लई खरी. अकराच हायत. अकराही माझ्या हातचे.

पोरगं तिकडं गाड्यांखाली पडून काम करतंय, त्याला दर शनिवारी सुट्टी कोण देतंय? दोन वर्षं दार आतून लावून मीच चढवून राहिले. दि. ३ जानेवारीला तेल लावताना शेंदराची पुढची जुनी खोळ सुटून माझ्या मांडीवर आली. खोळ सुटली की गाव बोलवून, वाजतगाजत गोदावरीत सोडायची रीत हाय. पण गाव आलं असतं तर पहिलं विचारलं असतं, आत कोण होतं? म्हणून घमेल्यात भरून मी एकटीनंच नेऊन सोडली. त्याच दिवशी उघड्या दगडाला पहिला शेंदूर लावला आन रुईच्या माळा जास्त घालून अंग झाकलं. तवापासून चौदा तारखेपर्यंत अकरा शनिवार झाले. मूर्ती तीच हाय, देवाशप्पथ. पाठीमागं भिंतीकडं माझा हात पुरत न्हाई, तिथली जुनी खोळ अजून चिकटून हाय. मॅडमला म्हणावं, तिथली कपची काढा आन मोजा.

हे कळल्यावर गावात मला पाण्यावर तरी येऊ देतील का, ह्याचं लई भ्या वाटून राहिलंय.

जबाब मला वाचून दाखवला. देवाला हात लावल्याचं तेवढं गाळू का, असं जमादारांनी विचारलं. मी म्हणाले, राहू द्या, ते गाळलं तर माझं लेकरू सुटायचं न्हाई. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

अंगठा : साखराबाई गुरव