नव्या गुडघ्यांची तक्रार

परळच्या एका हॉस्पिटलात, सरकारी आरोग्य विम्याच्या खिडकीशी डिलाईल रोडचे लवू आणि सुभद्रा उभे होते. त्यांच्या मागे शिवाजी पार्कचे रघुवीरराव, कान पुढे करून.

"काका, तुमचे दोन्ही गुडघे बदलून झालेत," क्लार्क म्हणाला.

"कोणी बदलले? मी ऑपरेशनची तारीख घ्यायला आलोय."

"बिल मंजूर झालंय. आता योजनेतून पुन्हा होणार नाही."

"अरे बाबा, ह्यांचे गुडघे मी रोज चोळते. जुनेच आहेत."

"मग काकू, फसवणुकीची तक्रार करा. तिसरा मजला. लिफ्ट बंद आहे."

"मी जाते वर."

"पेशंटच लागतो. साहेब स्वतः गुडघे बघतात."

"आणि मी तीन मजले चढून गेलो, तर साहेब काय म्हणतील?"

"ऑपरेशन छान झालंय म्हणतील."

"अहो, मग कण्हत चढा. शिमग्यात पालखी नाचवताना ओरडता तसं नको, दुखल्यासारखं."

"दुखतंच आहे गो."

लवू कठडा धरून कण्हत निघाले. रघुवीररावांनी मोबाइलवर स्वतःला आलेला विमा योजनेचा मेसेज पुन्हा वाचला. त्यात रघुवीररावांची प्रसूती नॉर्मल झाली होती. जिना चढायला हरकत नव्हती.