पेटीतला हात

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला उद्या घरी सोडणार होते. खाली निवांत चहा पिऊन लेक वर जायला लिफ्टच्या रांगेत उभी राहिली. पुढे दोन नर्स होत्या, आणि त्यांच्यामध्ये बाळं न्यायची रिकामी काचेची पेटी.

“पेटीची बॅटरी चार्ज न करता निघालीस? अगं, मूठभर जीव तो!”

“चुकलं, ताई. त्यात लिफ्ट अडकली.”

“ऊब टिकायला बाळ न पुसता प्लास्टिकच्या पिशवीत घातलं होतंस ना?”

“गळ्यापर्यंत. वर टोपी. तरी पेटी गार पडत चालली होती.”

“आणि अतिदक्षता विभागात पोचलं ते छान उबदार! नशीब तुझं.”

“नशीब कसलं, लिफ्टमध्ये एक आजी होत्या. पेटीत हात घालून त्यांनी बाळाच्या छातीवर ठेवला. म्हणाल्या, घाबरू नकोस, माझी लेक सातव्या महिन्यातली, पोटाशी बांधून दवाखान्यापर्यंत आणली होती. आता तीच म्हणते, पुरे तुझी ती गोष्ट.”

“कुठल्या वॉर्डातल्या गं?”

“काय माहीत! गुडघ्याला पट्टी होती. दार उघडलं तेव्हा आत मी एकटीच.”

“काहीतरीच तुझं!”

“आईशप्पथ, ताई. आत्ता दहा मिनिटं झाली.”

सकाळीच लेक आईला म्हणाली होती, पुरे तुझी ती गोष्ट. ती रांग सोडून जिन्याने धावत वर गेली. पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

“अहो, अर्धा तास शोधतोय तुम्हाला,” वॉर्डातली नर्स म्हणाली. “झोपेतच गेल्या.”

लेकीने आईचा गार हात उचलून आपल्या छातीवर ठेवला.

“आई, मला आवडायची गं ती गोष्ट. पुन्हा सांग.”