आई आणि किटली

मला फोटो काढायला सांगू नका, यार. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पिस्कॅटवेला एमएस करताना मी हौसेनं एक फोटोग्राफी वर्कशॉप केलं होतं. माणसाच्या चेहऱ्याच्या जागी भलतीच वस्तू दिसली पाहिजे, अशी असाइनमेंट होती. तेव्हा आई सांगलीहून आली होती. ती ठेवणीतली साडी नेसून बसली आणि मी तिला तोंडासमोर किटली धरायला लावली. अख्खा रोल संपवला.

"हात दुखले रे," आई म्हणाली. "आता एक साधाही काढ. पुढं हार घालायला लागेल."

"काहीतरीच काय, आई. काढू नंतर."

परत गेल्यावर वर्षभरातच ती वारली. धाकट्याचा फोन आला, "दादा, घरात फक्त लग्नातला ग्रुप फोटो आहे. तुझ्याकडे आईचे असतील ना?"

होते की. छत्तीस. किटली सगळ्यांत छान आली आहे.